वसंतातल्या पक्षीफेऱ्या: पहिल्यांदा येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही काही हौशी मंडळी पुण्याच्या आसपास नवख्या लोकांना पक्षी दाखवायला घेऊन जातो. फेरी संपल्यावर टपरीवर चहा पिताना आणि मग आठवडाभर फोनवर तेच ते प्रश्न येतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान. सगळं वाचायलाच हवं असं नाही, पण दुर्बिणीचं आणि जवळ जाण्याचं तेवढं वाचूनच या.

वसंतात पक्षी येतात ना? मग तुम्ही यांना ‘निरोपाच्या फेऱ्या’ का म्हणता?

युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ पाहून हा घोळ होतो. तिकडे वसंतात पक्षी परत येतात, घरटी करतात, झाडं गाण्यांनी भरून जातात. आपल्याकडे उलटं. आपल्या पाणथळांवरचे बहुतेक पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरतात, थंडी इथं काढतात आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून उत्तरेला निघतात. लडाख, तिबेट, मंगोलिया, कझाकस्तान, सायबेरिया ही त्यांची माहेरं. आपण त्यांचं हिवाळ्यातलं आजोळ म्हणा हवं तर. हा सगळा पट्टा मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून ओळखला जातो आणि महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेकडच्या भागात येतो.

मग शिकायला जाण्याच्याच वेळी का यायचं? कारण निघण्याआधी हे पक्षी नटतात. नोव्हेंबरमधला पिवळा धोबी पाहिलात तर त्याला पिवळा कोण म्हणालं असा प्रश्न पडतो, इतका तो मळकट असतो. मार्चमध्ये तोच नर हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं (म्हणजे सीगलचं) डोकं हिवाळाभर पांढरंच असतं, कानामागे एक ठिपका तेवढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला खरोखरीची तपकिरी टोपी चढते. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची राखाडी मान विटकरी होते. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी एकमेकांशी जुळतात, आणि नवख्याला तेच हवं असतं. शिवाय पानगळ झालेली असते, त्यामुळे फांदीवरचा पक्षी लपत नाही.

मला कावळा, चिमणी, कबूतर यापलीकडे काही ओळखता येत नाही. येऊ का?

तुमच्यासाठीच तर आहे. शिवाय तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त पक्षी तुम्ही ओळखता. बगळा, घार, पोपट, टिटवी, कोकीळ, साळुंकी, खंड्या, घुबड मोजा आणि मग बोला.

माझी स्वतःची पहिली फेरी ऐका. जलपर्णीत एक पांढरा पक्षी अगदी निश्चल उभा दिसला. मी पाच मिनिटं दुर्बिणीतून पाहिला, शेजारच्या काकांनाही दाखवला. ते म्हणाले, “छान आहे, पण ती दुधाची पिशवी आहे.” त्यानंतर मी कुणाच्याही चुकीला हसत नाही.

फेरी कुठे, कधी आणि किती वेळ?

बहुतेक रविवारी कवडीपाटला. सोलापूर रस्त्यानं हडपसर ओलांडून लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळलं की मुळा-मुठेवरचा जुना बंधारा लागतो. तिथं सकाळी साडेसहाला जमायचं आणि नऊ-सव्वानऊला सुटायचं. चालणं फार तर दोन किलोमीटर. बराच वेळ आपण एका जागी उभेच असतो.

मोसमात एकदा किंवा दोनदा भिगवणला जातो. ते पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटर, त्यामुळे पहाटे साडेचारला निघावं लागतं. कवडीची फेरी मोफत. भिगवणला गाडी आणि होडीचा खर्च वाटून घेतो. धुळवडीला फेरी नसते, कारण एका वर्षी ठेवली होती आणि फक्त तिघं आलो होतो. त्यातला एक रंगलेला होता.

साडेसहा जरा जास्तच लवकर नाही का? आठला आलो तर चालेल?

या, पण चहालाच पोचाल. रात्रभर उपाशी असलेला पक्षी उजाडल्यावर पहिले दोन तास अन्नामागे असतो, उघड्यावर असतो, आवाज करतो. नवानंतर ऊन चढलं की पाण्यावर हवा थरथरायला लागते आणि चांगल्या दुर्बिणीतूनही बदक पाण्यात विरघळल्यासारखं दिसतं. फेब्रुवारीत सातच्या सुमारास सूर्य उगवतो, एप्रिलच्या सुरुवातीला साडेसहाच्या आधीच. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या आम्ही सहालाच सुरू करतो.

कवडीपाटला फार घाण वास येतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी घेऊन नदी इथं येते. बंधाऱ्याखाली फेस असतो, काठावरच्या बाभळींना प्लास्टिक लटकलेलं असतं. पहिल्यांदा येणाऱ्यांचा चेहरा उतरतो आणि उतरायलाच हवा. तरीही पक्षी असतात. उथळ पाण्यात आणि चिखलात किडे-अळ्या भरपूर, काठाला शेती, मध्ये दगड, म्हणजे काही जातींची पंगतच. शेकाट्या, तुतवार, धोबी, चित्रबलाक, चक्रवाक सगळे याच पाण्यात. पण इतके पक्षी आहेत म्हणजे नदी ठीक असेल, असा अर्थ मात्र काढू नका. घाण सोसणारे टिकतात. स्वच्छ पाणी लागणारे इथं दिसतच नाहीत, आणि न दिसणाऱ्यांची यादी कुणी करत नाही.

वास साधारण पंधरा मिनिटांत जाणवेनासा होतो. नाकाला रुमाल बांधलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

दुर्बीण विकत घ्यावी लागेल का?

पहिल्या फेरीला अजिबात नाही. आमच्याकडे चार-पाच असतात, आळीपाळीनं मिळते. आवड टिकतेय असं वाटलं तर तीन-चार फेऱ्यांनंतर घ्या.

घ्यायची झाली तर ८x४२ किंवा ८x४०. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं तो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार वीसपटीची काढून दाखवेल, भुलू नका. वीसपटीत तुमच्या हाताची थरथरही वीसपट दिसते आणि नजरेचा टापू इतका लहान होतो की पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. सात-आठ हजारांच्या आसपास कामाची दुर्बीण मिळते.

वापरण्यातली एक खुबी सगळ्यांना सांगावी लागते. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. नजर तिथून हलवू नका, मान खाली घालू नका, आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. बहुतेक जण आधी दुर्बीण लावतात आणि मग आभाळभर पक्षी शोधत बसतात. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडची रबरी कडी खाली दुमडायची किंवा फिरवून आत घ्यायची, म्हणजे काळी वर्तुळं दिसत नाहीत. उजव्या डोळ्याजवळचं छोटं चाक एकदा स्वतःच्या नजरेनुसार लावून घ्या. दुसऱ्याच्या हातून आलेली दुर्बीण धूसर दिसण्याचं कारण बहुधा तेच असतं.

कपडे कसे? सोबत काय आणायचं?

मातकट, करडे, हिरवट कपडे. पांढराशुभ्र आणि भडक लाल-पिवळा नको. टोपी, पाण्याची बाटली, चिखलात गेले तरी जीव हळहळणार नाही असे बूट. वही-पेन्सिल आणलीत तर उत्तम. अत्तर-परफ्यूमनं पक्ष्यांना फरक पडत नाही, मधमाश्यांना पडतो.

फ्लेमिंगो दिसतील ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझा सगळ्यात नावडता.

कवडीपाटला नाही. भिगवणला बहुधा दिसतील. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि त्याचं मागचं पाणी भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या गावांपर्यंत पसरलं. पाणी उतरू लागलं की उथळ चिखल उघडा पडतो. रोहित पक्षी, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, त्यात वाकडी चोच उलटी घालून गाळून खातात. त्यामुळे ते कधी आणि किती येणार हे उजनीत पाणी किती यावर ठरतं. पावसाळा दणकून झाला, धरण बराच काळ तुडुंब राहिलं, तर रोहित उशिरा येतात. पण एकदा आले की बदकं निघून गेल्यावरही, उन्हाळ्यात बरेच दिवस थांबतात. मुंबईकरांना इतक्या लांब यायची गरजच नाही. ठाणे खाडीत ते मोठ्या संख्येनं असतात. २०१५मध्ये तिथं त्यांच्यासाठी अभयारण्य झालं आणि २०२२मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आलं.

नावडता अशासाठी की फ्लेमिंगो मोजून लोक निघायची घाई करतात. त्याच होडीतून शंभर पावलांवर पट्टकादंब चरत असतात. राखी-पांढरा हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. हे हिमालय ओलांडून आलेत आणि मार्चमध्ये पुन्हा ओलांडून जाणार. पाठीवर यंत्र बसवून माग काढलेल्या पट्टकादंबांपैकी काही सात हजार मीटरच्या वर उडालेले नोंदले गेलेत. तो पक्षी इथं कांद्याच्या शेताशेजारी गवत खातोय, आणि होडीतून आवाज येतो, “दादा, गुलाबी कुठे आहेत?”

भोरड्यांचे थवे कधी बघायला मिळतात?

फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्यासाठी फेरीची वाट बघू नका. रस्त्याकडेचा फुललेला पळस, पांगारा किंवा काटेसावर गाठा. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख आणि बाजार भरल्यासारखा कलकलाट. मध पिताना कपाळाला पराग लागून अर्ध्या भोरड्या भस्म लावल्यासारख्या दिसतात. संध्याकाळी रातथाऱ्याकडे परतताना हजारोंचा थवा एका अंगानं वळतो, तेव्हा ढगाला अंग असल्यासारखं वाटतं.

या फेऱ्यांत मी जे काही शिकलो त्यातला मोठा वाटा भोरड्यांबद्दल बोलणाऱ्या एका आजींचा आहे. नातवाला घेऊन आल्या होत्या, दुर्बीण घ्यायलाही तयार नव्हत्या. पांगाऱ्यावरचा थवा बघून म्हणाल्या, “ह्या होय! ह्यांच्यापायी माझं अख्खं लहानपण माळ्यावर गेलं.” मग ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर कसं बसायचं, गोफणीत खडा कसा धरायचा, पत्र्याचा डबा कसा बडवायचा, थवा उठला की शेजारच्या रानातून शिव्या कशा यायच्या, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. आम्ही ज्याला पक्षीनिरीक्षण म्हणतो ते त्यांनी दहाव्या वर्षी, पोटासाठी केलं होतं. थवा कुठून उठणार आणि कुठे बसणार हे त्यांनी आधी सांगितलं आणि तसंच झालं.

त्यांना मी एकच गोष्ट नवी सांगू शकलो. याच भोरड्या मे-जूनमध्ये कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ माळांवर दगडांच्या खाचांत घरटी करतात आणि पिल्लांना टोळ-नाकतोडे भरवतात. तिकडचे शेतकरी त्यांना दोस्त मानतात. आजी म्हणाल्या, “मानू देत. त्यांच्याकडं जोंधळा नसंल.”

इतकी नावं लक्षात कशी राहतात?

पाठ करू नका. मराठी नाव विचारा, निम्मं काम तिथंच होतं. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका असतो. एकदा पाहिल्यावर विसरून दाखवा. वारकरी काळा आणि कपाळावर पांढरा टिळा. थापट्याची चोच थापटीसारखी रुंद. तलवार बदकाची शेपटी लांब, टोकदार. भुवई बदकाच्या नराला ठसठशीत पांढरी भुवई. ज्यांनी ही नावं दिली ते पाण्याकाठी राहणारे लोक होते आणि त्यांना वेळ होता.

पण सगळ्याच नावांचं असं नाही. पुस्तकातली काही नावं भाषांतर करून बसवलेली आहेत, ती जिभेवर बसत नाहीत. एकाच पक्ष्याला गावागणिक चार नावं असतात. भांडत बसू नका, तुमच्या गावाकडचं नाव आम्हाला सांगा, वहीत लिहून घेतो.

नवख्यांनी आधी धोबी पक्के करावेत. शेपटी सतत खाली-वर, पाण्याकडेला तुरुतुरु चाल, आणि आपल्यापासून बऱ्यापैकी जवळ. चारच दिवसांत मोठा, पांढरा, करडा, पिवळा असे वेगळे करता येतात. मोठा धोबी इथलाच, बाकीचे निघणारे. वटवट्यांच्या नादाला मात्र पहिल्या वर्षी लागू नका. सगळे मातकट, सगळे झुडपात, कुणीही स्थिर बसत नाही. आम्हीही पुष्कळदा ‘कुठलातरी वटवट्या’ असं लिहून पुढं सरकतो.

फोटोसाठी थोडं जवळ गेलं तर काय बिघडतं? मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावता येतं ना?

आवाज आमच्या फेरीत लावायचा नाही. आणि जवळ जाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण या महिन्यांत त्याला वेगळा अर्थ आहे.

दिवस मोठा होऊ लागला की स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या शरीरात बदल सुरू होतात. भूक सुटते, कातडीखाली चरबी साठते. चिखलात फिरणारे काही पक्षी निघण्याआधी दीडपट वजनाचे होतात. ही चरबी म्हणजेच त्यांचा शिधा. कवडीच्या चिखलात छोटा टिलवा बघा. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्याहून हलका. त्याला उत्तर ध्रुवाकडच्या सायबेरियात जाऊन अंडी घालायची आहेत. तो शिलाई यंत्राच्या सुईसारखी चोच चालवत असतो ती उगाच नाही. तुम्ही दहा पावलं पुढं गेलात, तो उडाला, पलीकडे बसला. तुम्हाला काहीच वाटत नाही. पण दिवसभरात असे वीस जण आले तर त्याचं ताट वीसदा ओढून घेतलं जातं, आणि प्रत्येक उड्डाणाला साठवलेल्यातलंच खर्च होतं.

भिगवणला याचा मोठा अवतार दिसतो. थवा उडताना पंखांतला लाल रंग फोटोत यावा म्हणून होडी मुद्दाम थव्यात घालायला लावणारे पर्यटक मी पाहिलेत. होडीवाले बहुतेक मासेमारी करणारे, त्यांना पक्षी आपल्याहून चांगले कळतात. पण गिऱ्हाईकाला नाही म्हणणं जड जातं. म्हणून आम्हीच होडीत बसतानाच सांगतो, “दादा, लांबूनच चला, पैसे तेवढेच.”

ओळखायचं कसं? पक्षी खाणं थांबवून मान उंचावून तुमच्याकडे बघू लागला की तुम्ही जास्त जवळ आलात. एक पाऊल मागं या, खाली बसा, पाच मिनिटं हलू नका. पुष्कळदा तोच चरत चरत जवळ येतो.

कॅमेरे आणा, मनाई नाही. फक्त सगळ्यांनी एकदा दुर्बिणीतून बघितल्यावर.

ते रात्री निघतात की दिवसा?

दोन्ही. बदकं, चिखलपक्षी, वटवटे यांचा बराचसा प्रवास रात्री होतो. रविवारी तळं भरलेलं आणि पुढच्या रविवारी रिकामं, मधलं कुणीच पाहिलेलं नसतं. भोरड्या, माळभिंगऱ्या दिवसा जातात. मार्चमध्ये विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीनं बसलेल्या दिसल्या तर गाडी बाजूला घ्या.

लहान मुलं आणि ज्येष्ठ आले तर चालेल?

सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं चालतात आणि त्यांची नजर आमच्याहून तेज असते. त्यांना ‘शांत बस’ म्हणण्यापेक्षा मोजायचं काम द्या. शेकाटे किती, त्यांत पिल्लं किती. ज्येष्ठांसाठी घडीची दोन स्टुलं असतात. बंधाऱ्यावरची वाट खडबडीत आहे, गुडघे दुखत असतील तर काठी आणा. चाकाच्या खुर्चीला कवडी सोयीची नाही, हे कबूल करायला हवं. अशांसाठी आम्ही पाषाण तलावाच्या काठी वेगळी छोटी फेरी करतो, आधी कळवा.

स्वच्छतागृह आहे का?

बंधाऱ्यावर नाही. येताना महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर थांबून या. बायका हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, म्हणून इथं ठळकपणे लिहिलंय.

ॲपनं पक्षी ओळखता येतात, मग तुमची गरज काय?

मर्लिन नावाचं ॲप उपयोगी आहे, मीही वापरतो. फोटोवरून आणि आवाजावरून ते बऱ्याचदा बरोबर सांगतं, पण कधीकधी ठामपणे चुकीचंही सांगतं, आणि नवख्याला फरक कळत नाही. आमची रीत अशी की आधी पक्षी बघून चोच, पाय, शेपटी, वागणूक बोलून दाखवायची, मग ॲप उघडायचं. फेरीची यादी आम्ही ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकतो. तुमच्या नोंदींतून कुठला पक्षी इथून कधी गेला हे वर्षानुवर्षं जुळवता येतं. ‘आज एकही चक्रवाक नाही’ हीसुद्धा नोंदच असते.

आलो आणि खास काहीच दिसलं नाही तर?

असं होतं. ढगाळ सकाळ, अवकाळीचा वारा, किंवा आदल्या रात्रीच सगळे गेलेले. मग आम्ही शेकाट्याकडे अर्धा तास बघतो. गुलाबी काड्यांवर उभं केलेलं काळं-पांढरं शरीर, आणि पाय दुमडताना गुडघा उलटा वळल्यासारखा दिसतो. तो गुडघा नव्हे, घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. हे समजल्यावर एक संगणक अभियंता इतका खूश झाला की पुढच्या रविवारी आईला घेऊन आला, फक्त घोटा दाखवायला.

एप्रिलनंतर फेऱ्या बंद का? मग वर्षभर काय करायचं?

उन्हामुळे. साडेसातलाच डोकं तापतं. पण बघायचं थांबू नका. कोकीळ तर ओरडून सांगत असतोच. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये उलटी पाळी सुरू होते. आपल्याकडे अंडी घालायला येणारे पोचतात. नवरंग सह्याद्रीच्या झाडीत शीळ घालू लागतो, चातक पावसाच्या पुढं-मागं दिसतो. नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ तारखांना राज्यात पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या वाढदिवसांना जोडून. त्याच्या आसपास आम्ही पुन्हा कवडीला उभे असतो.

आणि इतकं थांबवत नसेल तर मार्च संपण्याआधी सोसायटीच्या कुंपणाकडे बघा. चिमणीएवढा, काळपट, पोटाखाली विटकरी, बसल्या जागी शेपटी थरथरवणारा. तो थिरथिरा. जाण्याआधी त्याला पाहिलंत तर तारीख लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा.